भात शब्दाचे दोन अर्थ
युद्धकाळातील टंचाई, घरगुती आठवणी आणि मराठी वाङ्मय

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे आले आणि करंजीच्या सारणात साखर अंमळ कमी पडली आहे अशी कोणी कुरकुर केली, की घरातले एखादे वडीलधारे माणूस हटकून रेशनच्या काळाची गोष्ट सांगू लागते. दुकानापुढची ती लांबलचक रांग, हातातले मळकट कार्ड, तांदळाबरोबर पदरात पडलेले खडे, पाहुण्याच्या चहापुरती बरणीच्या तळाशी राखून ठेवलेली साखर आणि दिवाळीसाठी दोन-तीन महिने आधीपासून मुठीमुठीने बाजूला काढलेला रवा! नातवंडे हसतात, सुना मान डोलावतात आणि सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक विलक्षण समाधान पसरते. हाल सांगताना माणसाला इतके समाधान का वाटावे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

तो विचारण्यासारखा आहे. कारण ही गोष्ट आता केवळ घरगुती राहिलेली नाही. तिचा एक छोटासा वाङ्मयप्रकारच झाला आहे. आत्मचरित्रांतून, ललित निबंधांतून, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून आणि अर्थातच दिवाळी अंकांतून ती पुनःपुन्हा सांगितली गेली आहे. १९४३ साली जे मूल दहा वर्षांचे होते त्याने आज नव्वदी ओलांडली आहे. तेव्हा यापुढे ही गोष्ट बहुतेक सांगोवांगीच सांगितली जाणार. सांगोवांगी झालेल्या आठवणीचा साचा बनतो, आणि त्या साच्यात जे मावले नाही ते कायमचे बाहेर राहते. म्हणून या वाङ्मयात जमा काय आणि येणे काय, याचा हिशेब आताच मांडून ठेवावा, असे मला वाटते.

या हिशेबासाठी मी मुळशीचे खोरे ही जागा निवडली आहे. पुण्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या ऐन कुशीत, मुळा आणि निळा या नद्यांच्या काठचा हा मुलूख आंबेमोहोर तांदळासाठी नावाजलेला. येथे एका साध्या शब्दाचा अर्थ शहरातल्यापेक्षा निराळा आहे. पुण्यात ‘भात’ म्हटले की पानात वाढलेला, वर वरण आणि तूप घातलेला वाफाळता पदार्थ डोळ्यांपुढे येतो. मुळशीत भात खाचरात उभे असते. तेथे भात लावतात, भात कापतात, भात झोडतात. त्याचे तांदूळ होतात ते नंतर, आणि ते आपल्याच ताटात पडायचे की नाही हे ठरते त्याहूनही नंतर. व्याकरणानेही हा भेद जपला आहे. शिजलेला ‘तो भात’ पुल्लिंगी आहे, आणि शेतातले ‘ते भात’ नपुंसकलिंगी. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे, की टंचाईच्या काळावर लिहिताना आपल्या लेखकांनी ‘तो भात’ मोठ्या मायेने वर्णिला. ‘ते भात’ मात्र त्यांच्या दृष्टीला क्वचितच पडले.

प्रथम काळाची उजळणी करू. मार्च १९४२मध्ये जपान्यांनी रंगून घेतले आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ थांबला. मुंबई इलाका तांदळाच्या बाबतीत स्वतःच्या पायांवर कधीच उभा नव्हता. ‘रंगूनचा तांदूळ’ हे शब्द कोकणात आणि मुंबईत घरोघरी परिचित होते. भाव भडकले, धान्य दडवले जाऊ लागले, आणि २ मे १९४३ रोजी मुंबई शहरात धान्याचे रेशनिंग सुरू झाले. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मेली. सर थिओडोर ग्रेगरी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याच वर्षी मोठ्या शहरांना रेशनिंग लागू करावे आणि प्रौढ माणसास दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम धान्य मिळावे, अशी शिफारस केली. १९४६ साली हे प्रमाण १२ औंसांवर, म्हणजे सुमारे ३४० ग्रॅमवर आले. डिसेंबर १९४७मध्ये महात्मा गांधींच्या आग्रहावरून नियंत्रणे उठू लागली. भाव चढताच १९४८ साली ती परत आली. आणि रफी अहमद किडवाई अन्नमंत्री असताना १९५४पर्यंत बहुतेक संपली. पुढे साठीच्या दशकात अमेरिकन गहू आणि १९७२च्या दुष्काळात तांबडा मिलो यांनी त्या आठवणींत भर घातली. पुष्कळ घरांत या साऱ्या काळांची सरमिसळ होऊन एकच ‘रेशनचा जमाना’ तयार झाला आहे. आजी जे १९४३चे म्हणून सांगते ते प्रत्यक्षात १९६५चे असू शकते. आठवणीचा हा दोष क्षम्य आहे. तिला सनावळी पाठ नसते, चव पाठ असते.

या काळाने मराठी भाषेला किती शब्द दिले ते पाहावे. रेशन, कंट्रोल, क्यू, कोटा, परमिट, युनिट, लेव्ही, काळा बाजार, साठेबाज. सरकारी धान्याच्या दुकानाला आजही कितीतरी गावांत ‘कंट्रोल’ म्हणतात, आणि तेथे धान्य घेणाऱ्या पोरासोरांना या शब्दाचा इतिहास ठाऊक नसतो. ज्या अनुभवाने बोलीत एवढे घर केले त्याने वाङ्मयात किती घर केले? बंगालमध्ये बिजन भट्टाचार्यांचे ‘नबान्न’ नाटक १९४४ साली रंगभूमीवर आले. बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या ‘अशनि संकेत’मध्ये तांदूळ हळूहळू गावातून नाहीसा होतो आणि सोबत माणुसकीही कशी विरत जाते, ते दिसते. आपल्याकडे दुष्काळ पडला नाही, टंचाई पडली. आणि टंचाई ही शोकांतिकेस अपुरी आणि विनोदास पुरेशी असते. म्हणून मराठीत तिचा निवास प्रामुख्याने विनोदी लेखांत आणि घरगुती आठवणींत झाला. मर्ढेकरांच्या १९४७च्या ‘काही कविता’ या संग्रहात महायुद्धानंतरच्या शहरातला, यंत्राच्या आणि आकड्यांच्या पकडीत सापडलेला माणूस आहे. रेशनकार्डावर ज्याचे ‘एक युनिट’ झाले तोच हा माणूस, असे म्हणता येईल. परंतु कवीची नजर रस्त्यावर होती. स्वयंपाकघरात आणि खाचरात ती फिरली नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये.

आता या घरगुती आठवणींचे गुण आधी मान्य करावेत. त्यांचा पहिला गुण नेमकेपणा. चार माणसांच्या युनिटांत सहा माणसे कशी जेवली, गव्हाच्या पिठात ज्वारीचे पीठ कितपत खपते, साखरेच्या जागी गूळ कोठे चालतो आणि कोठे घात करतो, हे सांगताना सामान्य गृहिणी जी अचूकता दाखवते ती भल्याभल्या कादंबरीकारांपाशी नसते. दुसरा गुण असा, की त्यांत बायका बोलतात. युद्धाचा इतिहास सेनापतींच्या नावांनी भरलेला असतो. ही एकच बाजू अशी, की जिथे महायुद्ध डब्याच्या तळाशी मोजले गेले आणि मोजणारी बाई होती.

या लेखनाची उत्तम परंपरा आपल्यापाशी युद्धाच्या आधीपासूनच होती. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून पुस्तकरूपाने येऊ लागली. वडिलांचे सोवळ्याचे वेड, त्यापायी घरातल्या माणसांचे होणारे हाल, पतीच्या औदार्याने रिकामे होणारे घर, या गोष्टी लक्ष्मीबाईंनी सांगितल्या त्या तक्रारीच्या सुरात नव्हे आणि कौतुकाच्या सुरात तर नव्हेच. त्यांना घरातल्या वस्तूंची किंमत ठाऊक आहे; ती वस्तू कोणी आणली, कोणी उधळली आणि कोणाला त्यावाचून राहावे लागले, हे त्या कधी विसरत नाहीत. घरगुती आठवणींच्या वाङ्मयासाठी मी हीच कसोटी मानतो. वस्तूचे वर्णन पुरेसे नाही. ती कोणाच्या हातून आली आणि कोणाच्या तोंडची गेली, हे कळले पाहिजे.

इंग्लंडमधले एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. तेथे रेशनिंग जानेवारी १९४०पासून जुलै १९५४पर्यंत चालले. बागा खणून लोकांनी बटाटे आणि कोबी लावले. ‘मास ऑब्झर्वेशन’ नावाच्या संस्थेने सामान्य नागरिकांना रोजनिशी लिहून पाठवण्याची विनंती केली, आणि बॅरो-इन-फर्नेस या गावच्या नेला लास्ट या गृहिणीने ती वर्षानुवर्षे लिहिली. १९८१ साली त्यातला युद्धकाळाचा भाग पुस्तकरूपाने आला तेव्हा वाचकांच्या लक्षात आले, की भाकरीच्या तुकड्याबरोबर एका बाईचे मनही रोज थोडे थोडे बदलत होते. टंचाईने तिला कष्ट दिले आणि स्वतंत्र विचारही दिला. ‘अधिक धान्य पिकवा’ ही हाक आपल्याकडेही दिली गेली. परंतु ‘जे जेवलात ते लिहून ठेवा’ ही हाक घरोघर पोचली नाही. परिणामी आपल्याकडे जे आहे ते चाळीस-पन्नास वर्षांनी आठवून लिहिलेले आहे. ते सुंदर आहे. पण चाळीस वर्षांत पोट भरले की भूकही गोड लागू लागते.

पाकशास्त्राच्या पुस्तकांकडे या दृष्टीने पाहणे मोठे मौजेचे आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० सालचे. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० सालची. या दोहोंच्या मधोमध रेशनचा काळ येतो. ‘रुचिरे’ने वाटी आणि चमचा ही घरातलीच मापे धरली, हा तिचा मोठा उपकार, शेर-पायली जाऊन किलोग्रॅम येत असताना नव्या सुनेला तिने भांबावू दिले नाही. परंतु पाकशास्त्राचे पुस्तक स्वभावतःच भरलेल्या कोठीसाठी लिहिलेले असते. ‘एक वाटी तांदूळ घ्यावेत’ असे वाक्य लिहिणाऱ्या लेखिकेला तांदूळ आहेत हे गृहीतच धरावे लागते. नसले तर काय, याचे शास्त्र तोंडी राहिले. सासूकडून सुनेकडे गेले आणि गरज सरताच विरून गेले. या दोन पुस्तकांच्या मधली जी पाने कोणी लिहिली नाहीत, ती आपल्या घरगुती आठवणींनी थोडीफार भरून काढली, याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे.

परंतु दोषही तेथेच आहे. या आठवणींत धान्याचा जन्म दुकानात होतो. रांगेच्या पुढच्या टोकाला वाणी आहे, त्याचा तराजू आहे, फार तर त्याच्या लबाडीचा किस्सा आहे. त्याच्या पलीकडे काहीच नाही, जणू काही पोते आकाशातून पडले असावे. वस्तुतः पुण्या-मुंबईच्या कार्डावर जे मिळे त्याचा एक भाग लेव्हीच्या रूपाने खेड्यांतून येत होता. शेतकऱ्याने किती धान्य सरकारी भावाने घालायचे हे त्याच्या जमिनीवरून आणि पिकावरून ठरे. घरासाठी आणि बियाण्यासाठी अमुक ठेवावे, बाकीचे द्यावे. बाहेर भाव चढा असे. शहरात जो माणूस न्याय्य वाटपासाठी सरकारला दुवा देत होता, त्याच्याच न्यायासाठी खेड्यात तलाठी कणगीत डोकावत होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. रेशन नसते तर मुंबईचे बंगाल होण्यास वेळ लागला नसता, हेही खरे. पण जी आठवण यांपैकी एकच सांगते ती अर्धी आहे.

मुळशीची कथा तर याहून खोल आहे. येथील भात लेव्हीने नेण्याच्या वीस वर्षे आधीच पाण्याने नेले होते. टाटांच्या वीज कंपनीने मुळा-निळेच्या संगमावर धरण बांधायचे ठरवले आणि सुमारे पन्नास गावांच्या जमिनींवर गदा आली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे सत्याग्रहाला बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. जाईबाई भोई यांच्यासारख्या स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. लढा १९२४पर्यंत चालला आणि हरला. १९२७ साली घाटाखाली भिरा येथे वीज तयार होऊ लागली. युद्धकाळात मुंबईच्या गिरण्या रात्रंदिवस चालल्या, त्यांच्या विजेत मुळशीच्या बुडालेल्या खाचरांचा वाटा होता. आणि त्याच गिरण्यांतला कामगार तांदळासाठी रांगेत उभा होता. तांदूळ देऊन वीज घेतली, आणि विजेच्या उजेडात तांदूळ शोधला, असा हा व्यवहार.

या लढ्यावर वि. म. भुस्कुटे यांनी, जे स्वतः त्याचे एक नेते होते, १९६८ साली ‘मुळशी सत्याग्रह’ हे पुस्तक लिहिले. पुढे राजेंद्र व्होरा यांनी त्याचा साक्षेपी अभ्यास केला. दोन्ही ग्रंथ प्रत्येक मराठी घरात असावेत अशा योग्यतेचे आहेत. परंतु त्यांचा विषय जमीन, कायदा आणि तुरुंग हा आहे. धरणाच्या काठावर, डोंगराच्या उतारावर जे सरकले त्यांच्या ताटात आंबेमोहोराच्या जागी काय आले, वरकस जमिनीतली नाचणी आणि वरई यांवर घर कसे चालले, राबासाठी टहाळ तोडायला आता किती वर चढावे लागले, हे सांगणे इतिहासकाराचे काम नव्हते. ते ललित लेखकाचे होते.

ललित लेखक मावळात आले नाहीत असे नाही. गो. नी. दांडेकरांनी ‘पवनाकाठचा धोंडी’ १९५५ साली आणि ‘माचीवरला बुधा’ १९५८ साली लिहिली. पवन मावळ मुळशीला लागूनच आहे, आणि राजमाचीही त्याच डोंगररांगेत. मावळची बोली, पाऊस, रान आणि माणसाचा मानीपणा दांडेकरांइतका कोणी पचवला नसेल. बुधा मुंबई सोडून आपल्या माचीवर परत येतो आणि झाडा-प्राण्यांच्या संगतीत जगतो. या कादंबरीतली शांतता वाचकाच्या मनात दीर्घकाळ रेंगाळते. तरीही मला असे वाटते, की दांडेकरांनी डोंगरावर जे प्रेम केले ते त्याच्या प्राचीनत्वावर केले. बुधाला मुंबईला जावे का लागले, हा प्रश्न कादंबरीत धुक्यासारखा राहतो. कारण तो विचारला की रान नुसते सुंदर राहत नाही. त्यात सावकार येतो, फॉरेस्टचा शिपाई येतो, धरण येते. निसर्गाच्या भक्ताला ही गर्दी नकोशी वाटली असल्यास नवल नाही. परंतु घरच्या पिकावर जगणाऱ्या माणसाचे चित्र तिच्याविना पुरे होत नाही.

मुंबईला गेलेल्या मावळ्याचे एक रूप तर साऱ्या जगाला ठाऊक आहे. मुंबईचे डबेवाले प्रामुख्याने मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतले. ज्याच्या खोऱ्यातले भात पाण्याखाली गेले त्याने शहरातल्या घरोघरचा शिजलेला भात डोक्यावरून वाहिला. रेशनच्या वर्षांत तो डबा रोज किती हलका होत गेला, हे खाणाऱ्याच्याही आधी वाहणाऱ्याच्या मानेला कळले असेल! आठवणींच्या वाङ्मयात डब्यात काय होते याची वर्णने विपुल आहेत. ज्याच्या डोक्यावर तो होता त्याची आठवण कोणी विचारली?

‘ते भात’ ज्यांनी पाहिले अशी पुस्तके मराठीत उशिरा आली, आणि ती ज्यांनी लिहिली त्यांना कोणी आठवणी लिहा म्हणून पाचारण केले नव्हते. आनंद यादवांची ‘झोंबी’ १९८७ सालची. तिच्यातला काळ मुख्यतः चाळिशीच्या दशकातला आणि गाव कागल. तेथे रेशनची रांग हा मुद्दाच नाही. मूल राबते ते शेतातच. पीक त्याच्या हातांतून जाते आणि पोटात मात्र भूक असते. खंडाने शेत कसणाऱ्याच्या घरी धान्य पिकते याचा अर्थ धान्य राहते असा होत नाही, हे मराठी वाचकाला इतक्या स्पष्टपणे पूर्वी कोणी सांगितले नव्हते. यादवांच्या लेखनात भूक गोड होत नाही. चाळीस वर्षांनंतर लिहूनही ती तितकीच कडू राहते, आणि हीच त्या पुस्तकाची थोरवी.

दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. त्याच्या नावाचाच विचार करावा. बलुते म्हणजे गावकामाच्या मोबदल्यात मिळणारा धान्याचा वाटा. अर्थात ती जुन्या गावगाड्याची रेशनपद्धतीच होती; फरक इतकाच, की तेथे युनिट माणसागणिक नव्हते, जातीगणिक होते. हे ध्यानात घेतले म्हणजे १९४३च्या कार्डाचा एक अर्थ उलगडतो, जो आपल्या ओटीवरच्या गप्पांत कधीच आला नव्हता. सुखवस्तू घराला ते कार्ड म्हणजे मापात झालेली कपात वाटली. परंतु निदान कागदावर तरी, ब्राह्मणाचे आणि महाराचे, मालकाचे आणि मोलकरणीचे युनिट त्या कार्डाने प्रथमच एका मापाचे केले. पाटलाच्या खळ्यावर जे हात पसरून मागावे लागे ते दुकानात पैसे टाकून हक्काने मागता येऊ लागले. प्रत्यक्षात पैसे कोणापाशी होते, हा पुढचा प्रश्न. आणि बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ने व शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ने (२०१५) त्याचे उत्तर दिले आहे. पाटोळ्यांचे पुस्तक तर पाककृतींचेच आहे. पण त्यातल्या कोठीत तूप नाही, साखर नाही, आणि जे आहे ते इतरांनी टाकलेले. ‘गृहिणीमित्र’ आणि ‘रुचिरा’ यांच्या शेजारी हे पुस्तक ठेवावे, म्हणजे मराठी स्वयंपाकघर पुरते दिसेल.

येथे आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर सापडते. हाल सांगताना समाधान कोणाला वाटते? ज्याचे हाल संपले त्याला. रेशनच्या गोष्टी ज्या घरांत हसत सांगितल्या जातात त्या घरांत टंचाई पाहुणी म्हणून आली आणि गेली. जेथे ती घरचीच होती तेथे तिची गोष्ट सांगायला कोणी बसत नाही. म्हणून या आठवणी खोट्या आहेत असे मी म्हणणार नाही. आजीने साखर जपली ते खरेच आहे, आणि तिची ती काटकसर आदरास पात्र आहे. मात्र तिचे हसू हे एका विशिष्ट सुरक्षिततेचे फळ आहे, याचे भान लेखकाने ठेवावे. विनोद करावा, जरूर करावा. पण रांगेत आपल्या मागे कोण उभे होते आणि दुकान बंद झाले तेव्हा कोण रिकाम्या पिशवीने परतले, हे एका वाक्यात तरी लिहावे.

कोणी म्हणेल, सणाच्या अंकात हे कशाला? याचे उत्तर असे, की मुळशीची खाचरे आज पुन्हा नाहीशी होत आहेत. हिंजवडीचे संगणक-कारखाने मुळशी तालुक्यातच आहेत. लवासाचे डोंगरावरचे शहर याच तालुक्यात उभारले गेले. पौडच्या रस्त्याला बंगले आणि विश्रामगृहे यांची दाटी झाली आहे. आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याच वेळी तो लावायची जमीन आटत चालली. या वेळी कोणी सत्याग्रहाला बसलेले दिसत नाही. जमीन विकली जाते, आणि विकणारा कधी सुखाने विकतो, कधी नाइलाजाने. ऐंशी वर्षांनी मुळशीची एखादी आजी ‘आमच्या घरच्या तांदळाची’ गोष्ट सांगेल. ती निव्वळ सुवासाची गोष्ट होणार, की तो सुवास कोठे गेला याची, हे आजचे लिहिणारे ठरवतील.

लिहिणारे म्हणजे केवळ लेखक नव्हेत. पुष्कळ घरांतल्या माळ्यावर जमाखर्चाच्या वह्या असतात, त्यांत तारीखवार तांदूळ, तूर आणि रॉकेल यांचे भाव टिपलेले असतात. जुनी कार्डे पोथीच्या पुठ्ठ्यात सापडतात. ती फेकू नयेत. घरातल्या वृद्धांना विचारायचेच तर ‘तेव्हा काय खात होता?’ एवढ्यावर थांबू नये. तांदूळ कोणत्या गावचा होता, कोणी कांडला, भांडी घासायला येणाऱ्या बाईच्या घरी त्या दिवशी काय शिजले होते, गावाकडून पोते येत असे ते कोणाच्या वाट्याचे होते, असे विचारावे. उत्तरे अडखळत येतील. काही येणारही नाहीत. पण जी येतील त्यांतून एक असे पुस्तक निघू शकेल, की ज्याच्या एका पानावर शहरातले कार्ड आणि समोरच्या पानावर मावळातली कणगी असेल. मराठीत ते अजून लिहायचे आहे.

मुळशीत दिवाळी आणि भाताची कापणी साधारण एकाच सुमारास येतात. पुण्यात आपण आकाशकंदील लावीत असतो तेव्हा तेथे बाया वाकून विळ्याने भात कापीत असतात, आणि मळणी उरकेपर्यंत अवेळी पाऊस न यावा अशी प्रार्थना करीत असतात. १९४३ सालीही हेच महिने होते. तेव्हा पावसाबरोबर तलाठ्याचीही वाट पाहावी लागत होती. रेशनच्या दिवाळीची पुढची गोष्ट लिहिणाऱ्याने आरंभ त्या खाचरापासून करावा.